पाण्यातून हायड्रोजन: ‘स्वस्त’ उत्प्रेरक म्हणजे नेमकं काय स्वस्त?

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणजवळच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. मागच्या महिन्यात टी.वाय.च्या मुलांना घेऊन गुहागरच्या किनाऱ्यावर गेलो होतो. परतताना एसटीत एका मुलीने विचारलं, "सर, समोर एवढा समुद्र आणि वर एवढं ऊन असताना आपण इथे हायड्रोजन का काढत नाही?" शृंगारतळीला मी उत्तर द्यायला सुरुवात केली, मार्गताम्हाने गेलं तरी ते संपलं नव्हतं. उरलेलं इथे लिहितो. जाणकारांनी भर घालावी, चूक असेल तिथे सांगावं.

पाण्यात वीज सोडली की एका बाजूला हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन निघतो, हे १८०० सालापासून माहीत आहे. निकल्सन आणि कार्लाइल यांनी व्होल्टाच्या नव्याकोऱ्या बॅटरीवर ते करून पाहिलं होतं. हिशेबाने त्याला १.२३ व्होल्ट पुरायला हवेत. प्रत्यक्षात कारखान्यातल्या सेलला १.८ ते २ व्होल्ट लागतात. वरचा विजेचा दाब, म्हणजे जादा व्होल्टेज, पाण्याच्या रेणूंची मोडतोड वेगाने व्हावी म्हणून मोजावा लागतो, आणि तो जेवढा कमी करता येईल तेवढं उत्प्रेरकाचं, म्हणजे स्वतः न संपता क्रिया सोपी करणाऱ्या पदार्थाचं काम.

हायड्रोजनची बाजू त्यातल्या त्यात सोपी, कारण तिथे दोनच इलेक्ट्रॉनचा व्यवहार. ऑक्सिजनच्या बाजूला चार इलेक्ट्रॉन काढून दोन ऑक्सिजन अणू एकमेकांना जोडायचे असतात, खरी अडचण तिथे आहे. आम्लधर्मी पडद्याच्या सेलमध्ये, ज्याला पीईएम म्हणतात, हे काम दीर्घकाळ टिकून करणारा पदार्थ म्हणजे इरिडियमचं ऑक्साइड. इरिडियमचं जगभरातलं वर्षाचं उत्पादन जेमतेम सात-आठ टन. आपल्याकडे जांभ्याच्या चिऱ्यांचा एक ट्रक भरला तर वजन साधारण तेवढंच होईल. त्यातलं बहुतेक दक्षिण आफ्रिकेतून, तेही प्लॅटिनमच्या खाणींचं जोडउत्पादन म्हणून येतं. मागणी वाढली म्हणून कोणी इरिडियमची वेगळी खाण काढू शकत नाही.

म्हणून जगभर शोध चालू आहे तो निकेल, लोखंड, कोबाल्ट, मॉलिब्डेनम अशा रोजच्या धातूंचा. आमच्या प्रयोगशाळेत मुलांनी निकेलची जाळी फेरिक नायट्रेटच्या पातळ द्रावणात बुडवून तिच्यावर लोखंडाचा हलका थर बसवला आणि ती पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) द्रावणात ॲनोड, म्हणजे ऑक्सिजनच्या बाजूचं टोक, म्हणून लावली. नुसत्या निकेलपेक्षा ती कमी दाबाला बुडबुडे सोडायला लागली तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते.

मला चर्चा हवी आहे ती यावर: आपण ‘स्वस्त’ म्हणतो तेव्हा नेमकं काय मोजतो?

दर्याराजा

सर, छान धागा. मी हर्णैला बोटींच्या इंजिनाची कामं करतो, रसायन मला फारसं कळत नाही. पण निकेल, लोखंड खाऱ्या पाण्यात घालणार म्हणालात तर एक सांगतो. आमच्या बोटींना पंख्याजवळ आणि सुकाणूपाशी जस्ताचे ठोकळे लावतात. समुद्र आधी जस्त खातो, पंखा वाचतो. दर मोसमाला, नारळी पौर्णिमेच्या आधी, ते बदलायचेच. साधं ३०४ स्टील घातलं की दोन पावसांत त्याला सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं पडतात. ३१६ टिकतं, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणतात. मग तुमची जाळी किती दिवस टिकणार?

वाशिष्ठीकाठ

दर्याराजा, अगदी मुद्द्याचा प्रश्न. जस्ताचा ठोकळा आणि आमचा ॲनोड यांचं रसायन एकच आहे. फरक इतकाच की तुमच्या बोटीवर क्लोराइड हळूहळू खातं आणि आमच्या सेलमध्ये आम्ही वरून वीज लावून धातूला गंजायला जणू भागच पाडतो. म्हणून आम्ही समुद्राचं पाणी वापरलेलं नाही, डिस्टिल्ड पाण्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड घेतलं. अल्कलीत निकेलवर त्याच्याच ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तो आतल्या धातूला सांभाळतो.

किती टिकेल, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आमची जाळी सहा तास चालली आहे.

सडा

सहा तासांवर थांबू नका सर, आणि एक गोष्ट तातडीने तपासा. दुसरं टोक, म्हणजे काउंटर इलेक्ट्रोड, कशाचं आहे? प्लॅटिनमची तार असेल तर सावध राहा.

हे अनुभवाने सांगते. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी कोबाल्टचा एक थर केला होता, हायड्रोजनच्या बाजूसाठी. पहिल्या दिवशी सामान्य होता. दुसऱ्या दिवशी सुधारला. चौथ्या दिवशी प्लॅटिनमच्या जवळ गेला. आम्ही सगळे आनंदात होतो, लेखाचा मसुदासुद्धा तयार केला. मग एका ज्येष्ठ ताईंनी विचारलं की काउंटरला काय लावलं आहेस. प्लॅटिनमची तार होती. ती ॲनोड म्हणून चालताना अगदी सूक्ष्म प्रमाणात विरघळत होती आणि तेच प्लॅटिनम येऊन माझ्या कोबाल्टवर बसत होतं. चार दिवस मी प्लॅटिनमच मोजत होते. ग्राफाइटची कांडी लावून प्रयोग पुन्हा केला, सगळी सुधारणा गेली. मसुदा मागे घेतला, सात महिन्यांचं काम गेलं. आजही एखाद्या लेखात ‘वापरत जावं तशी कार्यक्षमता वाढत गेली’ असं वाचलं की मी आधी काउंटर इलेक्ट्रोड काय होता ते शोधते.

तुमचं काम ऑक्सिजनच्या बाजूचं आहे, तिथे हा धोका कमी. पण मुलं उद्या हायड्रोजनच्या बाजूला वळतीलच. आत्तापासून सवय लावा.

वाशिष्ठीकाठ

सडाताई, मनापासून आभार. आमच्याकडे प्लॅटिनमचीच तार आहे. ग्राफाइटची कांडी मागवतो.

शिरोड्याचो

माका एक विचारूचा आसा. आमच्या बाजूक रेडीक लोखंडाची खाण, जांभो तर घराघरात. ह्या लोखंडाचो उपयोग होवचो नाय काय? निकेल कित्याक विकत घेवचा?

सडा

शिरोड्याचो, प्रश्न चांगला आहे, आणि उत्तरात एक सुंदर गोष्ट आहे.

नुसतं लोखंडाचं ऑक्साइड वीज फार कमी वाहतं, त्यामुळे एकट्याने ते चांगला ॲनोड होत नाही. नुसतं शुद्ध निकेलही यथातथाच. पण निकेलमध्ये लोखंडाचा थोडा अंश मिसळला की दोघं मिळून अल्कलीत ऑक्सिजन काढायला उत्तम. बॅटरीवाल्यांना ही गोष्ट फार पूर्वीपासून नको असलेल्या रूपात माहीत होती. निकेलच्या बॅटरीत लोखंड शिरलं की चार्जिंग करताना वीज साठायच्या ऐवजी ऑक्सिजन निघून जातो, म्हणून ते लोखंडाला विष मानत. १९८७ मध्ये कॉरिगन यांनी दाखवून दिलं की अगदी सूक्ष्म लोखंडानेही हा परिणाम होतो. २०१४ मध्ये अमेरिकेत बोएचर यांच्या गटाने पोटॅशमधला लोखंडाचा लेश काढून टाकला आणि पाहिलं, तर ‘निकेल चांगला उत्प्रेरक आहे’ या जुन्या समजुतीतला बराचसा चांगुलपणा त्या भेसळीचा होता.

म्हणजे लोखंड हवं, पण चिमूटभर. त्यासाठी खाण लागत नाही, बाटलीतल्या पोटॅशमध्ये असतं तेवढंही जाळी ओढून घेते. जांभ्यात लोखंडाबरोबर ॲल्युमिनियम, सिलिका, माती असं बरंच काही असतं. ते वेगळं करण्याचा खर्च लोखंडाच्या किमतीहून जास्त होईल.

हातगाडी

बाजारात मोटरसायकलला लावायचे पाण्यावर चालणारे किट मिळतात. तेही हेच का? मायलेज वाढतं म्हणतात.

वाशिष्ठीकाठ

हातगाडी, ते घेऊ नका. त्यात गाडीच्याच बॅटरीच्या विजेने हायड्रोजन काढून तो इंजिनात जाळतात. वीज करायला पेट्रोल गेलं, हायड्रोजन काढताना काही वाया, जाळताना आणखी वाया. आणि हायड्रोजन-ऑक्सिजन एकत्र साठवणारं भांडं सीटखाली ठेवणं धोक्याचं आहे. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात हायड्रोजन पेट घेतो.

खारवारा

थोडा उशिरा आलो धाग्यावर. मी तीसेक वर्षं किनाऱ्यावरच्या एका वीज प्रकल्पात नोकरी केली, आता निवृत्त. तुमच्या मुलांना सांगा, समुद्राच्या पाण्याचं विद्युत अपघटन आपल्या किनाऱ्यावर कधीचंच चालू आहे. फक्त ते हायड्रोजनसाठी करत नाहीत.

थंड करायला समुद्राचं पाणी आत घेतलं की नळांत कालवं, शिंपल्या, शेवाळ वाढतं. ते मारायला क्लोरीन लागतो. तो बाहेरून सिलिंडरने न आणता समुद्राचंच पाणी सेलमधून सोडून तिथल्या तिथे हायपोक्लोराइट करतात. टायटॅनियमच्या पत्र्यावर रुथेनियम-इरिडियमच्या ऑक्साइडचा लेप असलेला ॲनोड असतो. त्या वेळी दुसऱ्या बाजूला हायड्रोजन निघतोच. आम्ही काय करायचो? टाकीच्या वर ब्लोअर लावून भरपूर हवा मिसळायची, म्हणजे प्रमाण पेटण्याइतकं राहत नाही, आणि आकाशात सोडून द्यायचं. इतकी वर्षं रोज.

आता अडचणी ऐका. पहिली, ॲनोडवर ऑक्सिजनऐवजी क्लोरीन निघतो. आम्हाला तोच हवा होता, तुम्हाला नको आहे. दुसरी, कॅथोडवर, म्हणजे हायड्रोजनच्या बाजूच्या टोकावर, पांढरा थर चढतो. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम असतं, कॅथोडजवळ पाणी अल्कली झालं की त्याचा चुन्यासारखा लेप बसतो. ठरावीक दिवसांनी सेल बंद करून आम्ल फिरवून तो धुवायचा, नाहीतर व्होल्टेज चढत जातं. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की आणखी त्रास. उत्प्रेरक कितीही चांगला असू दे, त्याच्यावर पांढरा गिलावा बसला की काम थांबतं.

वाशिष्ठीकाठ

खारवारा काका, हा प्रतिसाद मी मुलांना वर्गात वाचून दाखवणार आहे.

क्लोरीनबद्दल एक भर. अल्कली द्रावणात ऑक्सिजन निघण्याचा दाब आणि क्लोराइडचं हायपोक्लोराइट होण्याचा दाब यांत साधारण ०.४८ व्होल्टचं अंतर असतं. उत्प्रेरक इतका चांगला असेल की त्या अंतराच्या आत काम उरकेल, तर क्लोरीन टाळता येतो. निकेल-लोखंडाची जोडी इथे खरंच उपयोगी पडते. पण समुद्राच्या पाण्यात अल्कली घातली की काका म्हणतात तो पांढरा साका लगेच बसायला लागतो.

२०२२ मध्ये चीनच्या एका गटाने वेगळी वाट दाखवली. समुद्राचं पाणी आणि पोटॅश यांच्यामध्ये असा पडदा ठेवला की त्यातून फक्त वाफ आत येते, मीठ बाहेरच राहतं. तो सेल ३,२०० तासांहून जास्त चालला. मला त्यातून कळलं ते हे, की समुद्राच्या पाण्यावर मात केली ती मीठ उत्प्रेरकापर्यंत पोचूच न देऊन.

काजूबी

मग मीठ आधीच काढून टाकायला किती खर्च येतो? कोणी हिशेब मांडेल का?

सडा

मांडते. १ किलो हायड्रोजनला रसायनाच्या हिशेबाने ९ लिटर पाणी लागतं. शुद्धीकरण आणि थंड करणं धरून २०-३० लिटर म्हणू. समुद्राचं पाणी आरओने गोडं करायला १,००० लिटरला ३ ते ४ युनिट वीज लागते. म्हणजे ३० लिटरला ०.१ युनिटच्या आसपास. आणि तोच १ किलो हायड्रोजन काढायला ५० युनिटांच्या वर. पाणी गोडं करण्याचा विजेचा खर्च एकूण विजेच्या पाचशेव्या हिश्श्याइतका आहे. त्यावरून मी सरळ म्हणते, समुद्राच्या पाण्यावर थेट चालणारा उत्प्रेरक हा अभ्यासाचा विषय म्हणून छान आहे, पण कोकणात हायड्रोजन त्याच्यासाठी अडलेला नाही.

आता उत्प्रेरकाचा हिशेब. सेलला लावलेल्या दर व्होल्टमागे १ किलो हायड्रोजनला २६.६ युनिट लागतात. उत्प्रेरक सुधारून १.९ व्होल्टचे १.८ केले, तर ५०.५ युनिटांचे ४७.९ होतात. वीज ५ रुपये युनिट धरली तर किलोमागे १३ रुपये वाचले. ०.१ व्होल्ट कमी करायला प्रयोगशाळा वर्षानुवर्षं घालवतात. आणि वीजच युनिटमागे १ रुपयाने स्वस्त मिळाली तर किलोमागे ५० रुपये वाचतात.

काजूबी

हे वाचून जरा निराश झाले. मग उत्प्रेरकावर काम करायचंच कशाला?

सडा

काजूबी, निराश होऊ नका. काम करायचं ते टिकण्यावर. पोटॅश आणि निकेलचे इलेक्ट्रोलायझर शंभर वर्षांपासून आहेत, आणि चांगले चालतात. पण ते एका लयीत, रात्रंदिवस चालण्यासाठी बनले. ऊन-वाऱ्याच्या विजेवर ढग आला की भार कमी, संध्याकाळी बंद, सकाळी पुन्हा सुरू. बंद केल्यावर सेलमध्ये काही काळ उलटा प्रवाह वाहतो, निकेलच्या पृष्ठभागाची रोज उलथापालथ होते, लेप सुटायला लागतो. १० वर्षांत असे ३,६०० पेक्षा जास्त सूर्यास्त येतात. प्रयोगशाळेत २४ तास सलग, चौरस सेंटिमीटरला १० मिलिॲम्पिअरवर चालवून ‘टिकाऊ’ लिहिलेले कितीतरी लेख मी वाचले आहेत. कारखान्याला त्याच्या पन्नासपट प्रवाह लागतो, आणि ६०,००० ते ८०,००० तास. माझ्या मते जो धातू स्वस्त आहे पण दोन वर्षांत बदलावा लागतो, तो महाग.

दर्याराजा

ताई, हे मात्र पटलं. बोटीचं इंजिन एकसारखं चालतं तेव्हा त्रास देत नाही. चालू-बंद, चालू-बंद, आणि मधे महिनाभर बंदरात पडून राहिलं, की बिघडतं. आम्ही नवीन माणसाला हेच शिकवतो.

आणि ते मॉलिब्डेनम आमच्याकडे काळ्या ग्रीसमध्ये येतं, तेच का?

सडा

दादा, तेच! मॉलिब्डेनम डायसल्फाइड. ते पत्त्यांच्या कॅटासारखं थरावर थर रचलेलं असतं, म्हणून घसरतं आणि वंगण म्हणून चालतं. पूर्वी त्याला हायड्रोजनसाठी निकामी समजत. २००५ च्या सुमाराला डेन्मार्कच्या लोकांनी गणिताने सांगितलं की पत्त्याचा सपाट भाग निकामी आहे, पण कडा प्लॅटिनमसारख्या वागतील. २००७ मध्ये प्रयोगाने ते खरं ठरलं. तेव्हापासून सगळी खटपट कडा कशा वाढवायच्या याची. निसर्गाने तर हे कधीच केलं आहे: आपल्या खारफुटीच्या चिखलातल्या जिवाणूंमध्ये हायड्रोजिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, त्यात नुसतं लोखंड आणि निकेल. प्लॅटिनमचा अंशही नाही. मला हे दर वेळी नव्याने थक्क करतं.

राजापूरकर

चर्चा छान आहे, पण मला काळजी वाटते ती सांगतो. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, आणि एप्रिल-मे मध्ये आमच्या वाडीत टँकर. जांभ्यात पाणी थांबत नाही. आता कोणी येऊन म्हणेल हायड्रोजनसाठी पाणी द्या, तर माझ्या आईने कुठून पाणी आणायचं? आणि आरओचं खारट पाणी, निकेलचा गाळ कुठे जाणार? खाडीतली मासळी कमी झालेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.

वाशिष्ठीकाठ

राजापूरकर, ही काळजी रास्त आहे, तिला आकड्यांनीच उत्तर द्यायला हवं.

राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालं, १९,७४४ कोटींचं. लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन. किलोला ३० लिटर धरलं तर या अख्ख्या देशाच्या लक्ष्याला वर्षाला १५,००० कोटी लिटर, म्हणजे सुमारे ५.३ टीएमसी. आणि कोयनेचं अवजल वीज करून झाल्यावर वर्षाला ६७.५ टीएमसी आमच्या वाशिष्ठीत येतं आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळतं. माझ्या घरासमोरून जातं ते पाणी. देशाचं सगळं लक्ष्य त्याच्या बाराव्या हिश्श्यात बसतं. म्हणून पाणी कमी आहे असं मी म्हणणार नाही. ते तुमच्या आईच्या हंड्यापर्यंत पोचत नाही, हा प्रश्न वेगळा आणि आधीचा आहे. माझं स्पष्ट मत: वाडीला नळ पोचल्याशिवाय कारखान्याला नळ जाऊ नये.

निकेलबद्दल तुम्ही म्हणता ते खरं. विरघळलेलं निकेल मासळीला घातक आहे, कातडीलाही सोसत नाही. आमच्या प्रयोगशाळेतलं निकेलचं सांडपाणी आम्ही मोरीत ओतत नाही, साका पाडून बरणीत जमा करतो. मोठ्या प्रमाणावर हे कोण तपासणार, हे आधी ठरायला हवं.

आणि हायड्रोजन हवा कोणाला? गाड्यांचा विचार नंतर. अलिबागजवळच्या थळचा खत कारखाना आजही नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन आणि त्यातून अमोनिया करतो. वायूपासून १ किलो हायड्रोजन काढताना ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सरकारच्या व्याख्येत हरित म्हणायला तो २ किलोच्या आत हवा. गिऱ्हाईक आपल्या किनाऱ्यावरच बसलेलं आहे.

खारवारा

सर, मुलांसाठी एक सुचवतो. सेल सकाळी उन्हाबरोबर सुरू करा, संध्याकाळी बंद करा. कॉलेजच्या गच्चीवर एक सोलर पॅनेल पुरेल. रोजचं व्होल्टेज एका वहीत लिहा, आमच्या कंट्रोल रूममध्ये लॉगबुक असायचं तसं. महाग यंत्र लागत नाही, चांगला मल्टिमीटर पुरे. पावसाळ्यात ढगाळ दिवशी काय होतं ते तर नक्की लिहा, ती माहिती कोरड्या प्रदेशातल्या लोकांकडे नसणार.

सडा

काकांच्या सूचनेला माझं पूर्ण अनुमोदन. फक्त तीन जाळ्या एकाच वेळी लावा: एक नुसती निकेल, एक लोखंड बसवलेली सलग चालणारी, एक लोखंड बसवलेली रोज बंद होणारी. आणि दर आठवड्याला पोटॅशचा नमुना काढून ठेवा, त्यात किती निकेल-लोखंड उतरलं ते मी आमच्याकडच्या यंत्रावर मोजून देईन. बाटल्या प्लास्टिकच्या घ्या, पोटॅश काच खातं.

वाशिष्ठीकाठ

ठरलं. एसटीत प्रश्न विचारणाऱ्या मुलीनेच वही सांभाळायची जबाबदारी घेतली आहे. तिने पहिल्या पानावर तीन रकाने आखले आहेत, आणि चौथा आपणहून वाढवला आहे: ‘आज ऊन कसं होतं’. ग्राफाइटची कांडी सोमवारी येते. मंगळवारी सकाळी सुरू करतो, पहिल्या १०० तासांचे आकडे, चांगले येवोत की वाईट, याच धाग्यावर टाकतो.